माह्या नावाची सुई, इंद्रभानच्या दंडात

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

ता. १४ मे २०२२, शनिवार
मुक्काम : शेवटी लिहिला आहे

श्री. भगवानराव व्याहीबुवा यांचे सेवेशी, सुलतानपूरच्या अल्याडच्या खेड्यातून तुमचा व्याही रामराव याचा हात जोडून नमस्कार. (जोडण्याआधी हात साबणानं धुतले आहेत. तुम्ही तेच आधी विचारसान म्हणून लिहिलं.)

इकडं सारं ठीक. तुमचा गुडघा आता जिना चढू देते का, विहीणबाईचं पित्त कसं आहे, राजकुमार जावईबापूले अजून घरूनच काम करा लागते की हापिसात जा लागते, ते कळवावं. आपल्या नातीची, छकुलीची, तब्येत विचारत नाही. तिचं रडणं मी रोज फोनवर ऐकतो अन् आवाजावरून फुप्फुस चांगलं दिसते. अक्षर हलल्यासारखं वाटंन, त्याचं कारणही शेवटी आहे. मागच्या सोमवारी तुम्ही फोनवर म्हणाले, की जे काय असंल ते लेखी द्या. पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस तोंडी गोष्टीवर इस्वास कसा ठेवंन? म्हणून हे लेखी. तुम्ही मूळचे हिवरा आश्रमाकडचे, नाशकात जाऊन बोली बदलली तरी कान बदलले नसतीन, म्हणून आपल्याच बोलीत लिहितो.

तं विषय असा, की बारशाची पत्रिका पावली. छापलेला मजकूर चार ओळीचा, अन् खाली तुमच्या हस्ताक्षरात अटी अकरा ओळीच्या. घरटी एकच व्यक्ती यावी. तीन डोस पूर्ण असावे. प्रमाणपत्राची मूळ प्रत दाखवावी. प्रत पाहिल्याशिवाय कोणी बाळाले हात लावू नये. सरकारनं दीड महिन्यापूर्वी तोंडावरची पट्टी काढली, तुम्ही नाही काढली. लोक हसतीन, मी हसत नाही. दुसऱ्या लाटेत तुमचा सख्खा भाऊ गेला अन् तुम्हाले काचेतूनसुद्धा पाहू दिलं नाही, हे मले माहीत आहे. तुमची अट मले मान्य आहे. मी त्या अटीत बसतो. फक्त कसा बसतो, ते सांगाले थोडे कागद लागतीन.

सुरुवात इंद्रभानपासून करा लागते. इंद्रभान म्हणजे माहा धाकटा भाऊ. माह्याहून चार वर्षांनी लहान, उंची सारखी, मिशा सारख्या, टोपी तं एकाच दुकानातली. आमच्या गावात आवतन दोन तऱ्हेचं येते. चुलीले आवतन असलं तं सारं घर जेवाले जाते, अन् घरटी एक असलं तं एकच माणूस जाते. बहुतेक आवतनं घरटी एकचीच असतात अन् आमच्या घरचा तो एक म्हणजे इंद्रभान. लगन असो, तेरवी असो, ग्रामसभा असो, तीस वर्षं तोच जाऊन राह्यला. कोण आलं असं कोणी विचारलं तं तो म्हणते, रामराव आला. घर माह्या नावावर आहे, म्हणून हजेरी माह्या नावावर. यात लबाडी नाही, वहिवाट आहे. तुम्हाले तं अनुभव आहे. संजीवनीले पाहाले तुम्ही आले तेव्हा पोरीचा बाप समजून दोन तास इंद्रभानशीच बोलले. मी तांब्या घेऊन आलो तं तुम्ही मले म्हणाले, जरा गार आण. मी आणलं.

आता लसीचं. मागच्या वर्षी एप्रिलात पंचेचाळीसच्या वरच्या साऱ्यांले लस खुली झाली अन् आमच्या झेडपीच्या शाळेत कँप लागला. कुप्या थोड्या अन् माणसं लय, म्हणून गर्दी होऊ देऊ नको असं कोतवालाले सांगितलं. कोतवालाले जन्मात एकच पुकार येते. त्यानं मंदिराच्या भोंग्यावरून तीच दिली, की उद्या सकाळी शाळेत लस आहे हो, घरटी एक माणूस या हो. घरटी एक म्हटल्यावर आमच्या घरात विचार करायचं कामच नाही. इंद्रभाननं टोपी घातली, माहं आधारकार्ड खिशात घातलं (घराचं कार्ड म्हणजे कर्त्याचं कार्ड) अन् गेला. फोटोची काही अडचण आली नाही. त्या कार्डावरचा फोटो माह्यासारखाही दिसत नाही अन् त्याच्यासारखाही दिसत नाही. दहाच्या सुमारास मी म्हशीले पाणी दाखवून राह्यलो होतो, तं फोन वाजला. मेसेज होता, अभिनंदन, आपल्याला पहिला डोस यशस्वीरीत्या देण्यात आला आहे. मी दंड चाचपून पाह्यला. काही नव्हतं. पण सरकार म्हणते तं झालं असंन, असं म्हणून म्हशीकडं वळलो. संध्याकाळी इंद्रभानले ताप भरला. माह्या नावाचा ताप तो दोन दिवस अंगावर घेऊन पडला, अन् सरस्वतीबाईनं (म्हणजे आमच्या घरच्यांनी) त्याले शिरा करून घातला. थोडा मीही खाल्ला, डोस माह्या नावाचा होता म्हणून.

जुलैत दुसरा डोसही असाच झाला. आता लेखी आहे म्हणून खरं लिहितो. दुसऱ्या वेळी कोतवालानं घरटी एक असं पुकारलंच नव्हतं. सारे या, असं पुकारलं होतं. सरस्वतीबाई स्वतःच्या पायानं गेली अन् घेऊन आली. तरी मी इंद्रभानलेच धाडलं. मले सुईची भीती वाटते, व्याहीबुवा. सातवीत होतो तेव्हा शाळेत टोचाले आले, तं मी मागच्या खिडकीतून उडी मारून तुरीत लपलो. मास्तरनं माहं नाव पुकारलं अन् तिसरीतल्या इंद्रभाननं येऊन दंड पुढं केला. तीच आमच्या घरची पहिली हजेरी.

ऑगस्टच्या पंधरा तारखेले पूर्ण लस घेतलेल्या पहिल्या पंचवीस गावकऱ्यांचा सत्कार झाला. शाल अन् श्रीफळ माह्या नावानं होतं, घेयाले इंद्रभान गेला. इथपर्यंत सारं सुरळीत होतं बाप्पा. घोळ झाला दिवाळीनंतर. घरोघर जाऊन राह्यलेले लोक शोधा, असा वरून हुकूम आला. आमच्या आरोग्य केंद्राच्या नर्स पूनमताई यादी घेऊन दारात आल्या. साऱ्या गावात एकच नाव कोरं निघालं, अन् ते इंद्रभानचं. तो म्हणे, ताई, मले दोन झाले. ताई म्हणे, काका, यादीत नाहीत. तो म्हणे, यादीत नसतीन, दंडात आहेत. ताई म्हणे, दंड कम्प्युटरात टाकता येत नाही. पंचायतीनं 'शंभर टक्के लसीकरण झालेलं गाव' असा फलक रंगवून ठेवला होता. तो आता इंद्रभानपायी भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला. ज्या माणसाच्या अंगात दोन सुया, तो गावाचा एकटा हट्टी माणूस ठरला. अन् ज्यानं एक घेतली नाही त्या माह्याकडं सरपंच येऊन म्हणे, रामरावभाऊ, धाकट्याले जरा समजवा, तुमच्यासारखं वागाले सांगा. मी समजावलं. तेव्हा इंद्रभानच्या अंगावर माही शाल होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात छकुली झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हा लागते, पण दवाखाना जवळ पायजे म्हणून तुम्ही संजीवनीले नाशकातच ठेवलं, ते बरंच केलं. मंग तुमचा फोन आला, की तिसरा डोस घेतल्याशिवाय येऊ नका. (मी बूस्टर म्हणालो तं तुम्ही फोन ठेवून दिला. पुन्हा लावून मी त्याचं सरकारी नाव, प्रिकॉशन, म्हणालो, तेव्हा पुढचं बोलणं झालं.) त्या वेळचा नियम तुम्हाले पाठ असंन. साठीच्या वर वय पायजे, अंगात एखादी जुनी बिमारी पायजे अन् दुसऱ्या डोसले एकोणचाळीस आठवडे झालेले पायजे. वय माहं एकसष्ट, ते जमलं. बिमारी जमेना. बीपी मोजलं, ते चांगलं निघालं. शुगर चांगली निघाली. सरस्वतीबाईनं डॉक्टरले सांगितलं, की ह्यांले काहीच ऐकू येत नाही, निदान मी बोलते ते तं नाहीच. डॉक्टर म्हणे, हे यादीत नाही. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा मले निरोगी असल्याची शरम वाटली. पुढं मार्चात सरकारनं बिमारीची अट काढली, पण तोपर्यंत माह्या डोक्यात दुसरंच येऊन बसलं होतं. ते असं, की तिसरा डोस कागदावर मिळंन, पण छकुलीले मी काय कागदानं उचलणार आहे? उचलणार तं हातानंच. अन् हातात तं पहिलाही नव्हता. भगवानरावनं एक भाऊ घालवला अन् आपण त्याच्या नातीजवळ रिकाम्या दंडानं जाऊन राह्यलो, असं मनात आलं अन् मले जेवण जाईना.

म्हणून मी आरोग्य केंद्रात गेलो अन् पूनमताईले म्हटलं, मले पहिला डोस द्या. त्या म्हणे, काका, तुमचे दोन झाले. मी म्हटलं, झाले, पण मले नाही झाले. त्या म्हणे, मंग कोणाले झाले? मी म्हटलं, माह्या नावाले झाले. त्या पाणी प्यायल्या. मंग कम्प्युटर माह्याकडं फिरवून दाखवला अन् म्हणे, हा पुढंच जाते, मागं येत नाही. सात एप्रिलनंतर तिसरा मागा, लगेच देतो. पहिला मात्र तुम्हाले या जन्मी मिळणार नाही. ज्याले तिसरा चालते त्याले पहिला काऊन चालत नाही, असं मी विचारलं तं त्या म्हणे, अर्ज करा.

तुमच्या धास्तीनं अर्ज चांगला केला. विषय, संदर्भ, सारं लिहिलं. विषयात लिहिलं, 'मला लस न मिळाल्याबाबत'. सात दिवसांनी वरच्या कचेरीतून उत्तर आलं, की अर्जदाराचे दोन्ही डोस पूर्ण असल्यामुळं अर्जदारास लस मिळालेली आहे. तरी मिळाली नसल्यास ती ज्यास मिळाली त्याचे, आपण अर्जदार नसल्याबाबतचे, हमीपत्र जोडावे. ते मी सात वेळा वाचलं. इंद्रभानले वाचून दाखवलं. तो म्हणे, दादा, मी तू नाही असं लिहून देतो, पण मंग तीस वर्षं मी गावभर कोणाच्या नावानं जेवलो?

वाट शेवटी सरस्वतीबाईनं दाखवली. भाकर थापता थापता ती म्हणे, इंद्रभानच्या नावाचे दोन कोरे पडले आहेत, ते तुम्ही घ्या. जेवढं त्यानं तुमचं घेतलं तेवढं तुम्ही त्याचं घ्या. व्याहीबुवा, एवढ्या मोठ्या सरकारले जे सुचलं नाही ते तिले तव्यासमोर सुचलं. पण याचा अर्थ असा होता, की आता सुई खरोखर मले बसणार. दोन दिवस मी शेतातून घरी आलोच नाही म्हटलं तरी चालंन. तिसऱ्या दिवशी संजीवनीनं छकुलीचा फोटो धाडला. तिच्या दंडावर बीसीजीचा डाग होता. एवढुशा पोरीनं टोचून घेतलं अन् आजोबा तुरीत!

दहा फेब्रुवारीले इंद्रभानची टोपी घालून, इंद्रभानचं कार्ड घेऊन मी केंद्रात गेलो. मले वाटलं होतं गुपचूप होईन. पण गावातला शेवटचा हट्टी माणूस आला, अशी बातमी माह्या आधी पोचली होती. सरपंच हार घेऊन उभा. भिंतीकडचा फलक फिरवून ठेवलेला. साऱ्या गावाले मी कोण आहे ते माहीत, मी इंद्रभान नाही हे फक्त कम्प्युटरले माहीत नव्हतं, अन् त्याचं मन कोणाले मोडायचं नव्हतं. सरपंचानं माह्या गळ्यात हार घातला अन् भाषण केलं, की इंद्रभानभाऊ, देर आये दुरुस्त आये, पण तुम्ही आपल्या थोरल्या भावाचा आदर्श आधीच घेतला असता तं हा फलक दिवाळीलेच लागला असता. मी खाली मान घालून ऐकलं. मंग पूनमताईनं सुई काढली. पुढचं मले ठाऊक नाही. शुद्धीवर आलो तेव्हा तोंडावर पाणी होतं अन् इंद्रभान माह्या उशाशी बसून मोठ्यानं सांगून राह्यला होता, की लिहून घ्या, इंद्रभान चक्कर येऊन पडला असं लिहू नका, माही इज्जत आहे गावात.

सात एप्रिल उलटल्यावर माह्या नावाचा तिसरा डोस निघाला, तो वहिवाटीप्रमाणं इंद्रभाननं घेतला. मी म्हटलं, राहू दे बे, तुहे दोन झाले, माह्यापायी तिसरी काऊन? तो म्हणे, दादा, तुह्या नातीचं बारसं आहे, मी काय तेवढंही करू नये? पाच मे रोजी, चौऱ्याऐंशी दिवस भरल्यावर, मी त्याच्या नावाचा दुसरा घेतला. या वेळी पडलो नाही. खुर्चीतून सरकलो फक्त.

तं आजची स्थिती अशी आहे. माह्या कागदावर तीन डोस अन् अंगात दोन. इंद्रभानच्या कागदावर दोन अन् अंगात तीन. तुमच्या अटीप्रमाणं घरटी एक माणूस यायचा. कागद धरला तं मी पात्र, दंड धरला तं इंद्रभान पात्र. तुम्ही अट लिहिली तेव्हा ह्या दोन गोष्टी वेगळ्या असतीन, असं तुमच्या ध्यानात आलं नसंन. तुमचा दोष नाही, सरकारच्याही आलं नव्हतं.

आमच्या घरात मंग ठरलं ते नेहमीसारखंच. इंद्रभान म्हणे, मी जातो, माह्या अंगात तिन्ही आहेत, पोरीले धोका नको. त्यानं पिशवी भरली. मीही हो म्हटलं. तेवढ्यात संजीवनीचा फोन आला. तिनं विचारलं, कोण येऊन राह्यलं? मी म्हटलं, काका. ती म्हणे, दहावीच्या बक्षिसाले काका आले. हॉस्टेलवर सोडाले काका आले. मी सहा महिन्याची पोटुशी होती तेव्हा डोहाळजेवणाले काका आले. बाबा, मले काका लय आवडतात. पण माह्या पोरीले तुमचं तोंड कसं दाखवू? आधारकार्ड दाखवू का?

मी फोन ठेवला अन् गोठ्यात जाऊन बसलो. सुईले भेलो ते भेलो, पण व्याहीबुवा, पोरीच्या बक्षिसाले जायला कोणती सुई होती? ह्याचं उत्तर मले लेखी देता येत नाही.

असो. पत्र लांबलं. विहीणबाईले नमस्कार, जावईबापूले आशीर्वाद, संजीवनीले सांगा की आईनं डिंकाचे लाडू केले आहेत, अन् छकुलीले काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. चूकभूल असंन तं लाल शाईनं दुरुस्त करून ठेवा.

आपला,
रामराव
(कागदोपत्री तीन, प्रत्यक्षात दोन)

ता. क. : तुम्ही कोणताही कागद सहीच्या खालपर्यंत वाचता, हे संजीवनीनं सांगितलं आहे, म्हणून मुद्द्याचं इथं लिहितो. अंगात तीनच पायजे, असं तुम्ही म्हणालात तं मी छकुलीले हात लावणार नाही. इंद्रभान तिले घेईन अन् मी चार हात लांब उभा राहून पाहीन. बाकी मोजमाप तुम्ही टेपनं करा.

ता. क. २ : मुक्काम लिहायचा राह्यला होता. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. शेगावले गाडीत बसल्यापासून नाशिक रोडपर्यंत लिहिलं, अक्षर त्यानं हललं आहे. तुमच्या वॉचमननं ते वर आणून दिलं, त्याले बसाले सांगू नका, त्यानं गेट उघडं सोडलं आहे. मुक्काम : तुमच्या बिल्डिंगीचं गेट, पाण्याच्या टाकीजवळ, उन्हात.

ता. क. ३ : आम्ही दोघंही आलो आहो. घरटी एकची अट मोडली, त्याबद्दल माफी. इंद्रभान खालीच थांबते म्हणाला. आधी तो म्हणे, दादा, तू थांब, मी वर जाऊन विचारून येतो. मी त्याले नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, त्याले खरं वाटून नाही राह्यलं.

ता. क. ४ : दोघांतला रामराव कोणता, अशी शंका असंन तं कार्ड मागू नका. संजीवनीले गॅलरीत पाठवा, ती वरून पाहून सांगंन. तिच्या कडेवर छकुली असली तरी तुमचा नियम मोडत नाही. अंतर तीन मजल्यांचं आहे, अन् मी टोपी काढून ठेवली आहे.